वाढप्याची दीक्षा

(टेमघर, भिवंडी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली. ती प्रथा पुढे गावोगावी गेली आणि आमच्या टेमघरापर्यंत येऊन पोचली. इतकेच नव्हे, तर आयुष्याची वीस वर्षे साच्यापुढे उभा राहिलेला माणूस आज वक्ता म्हणून या टेबलामागे उभा आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण साच्यांच्या खडखडाटात, भिशीतल्या दिव्याखाली आणि रद्दीच्या दुकानातून किलोने विकत घेतलेल्या पुस्तकांवर झाले. तेव्हा आमच्या बोलण्यात पांडित्य सापडावयाचे नाही. जे पाहिले, जे वाचले आणि ज्याची टोचणी मनाला लागून राहिली आहे, तेवढेच आम्ही सांगणार आहोत.

आम्ही यंत्रमाग कामगारांच्या मजुरीवर बोलावे अशी चालकांची इच्छा होती. त्या विषयावर आम्ही वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत आणि उद्याही बोलू. या वेळी मात्र आम्ही विषय मागून घेतला : कॅथॉलिक धर्मप्रांतातील स्थायी डीकन, त्यांची घडण आणि त्यांचा आधार. फळ्यावरचा हा विषय वाचून एका स्नेह्याने आम्हांला चहाच्या टपरीवर अडवले आणि विचारले, "काय हो, देवळाची वाट सोडून चर्चची धरलीत की काय?" आम्ही म्हटले, "वाट युनियनचीच आहे, फक्त थोडी लांबून जाते." आम्ही ख्रिस्ती नाही, आणि कोणाच्या धर्माचा निवाडा करावयास येथे उभेही राहिलेलो नाही. परंतु पोटापाण्याचा उद्योग करणाऱ्या, बायकामुले असलेल्या माणसाला लोकसेवेसाठी निवडावे कसे, त्याला शिकवावे कसे, आणि निवडल्यावर त्याला उभा ठेवावा कसा, हा प्रश्न आम्हां युनियनवाल्यांचा जेवढा आहे तेवढाच एका फार जुन्या धर्मसंस्थेचाही आहे. तिने त्यावर पुष्कळ विचार केला आहे. दुसऱ्याच्या घरी शहाणपण असेल तर ते मागून आणण्यात लाज कसली?

या विषयाकडे आम्ही कसे वळलो ते आधी सांगतो. मुंबईच्या एका कारखान्यातील आमचा जुना सोबती वारला. तो मूळचा वसईकडचा, कॅथॉलिक. आम्ही चारपाच जण मातीला गेलो. कबरस्तानात पांढरा झगा घातलेला आणि डाव्या खांद्यावरून तिरपा पट्टा घेतलेला एक गृहस्थ प्रार्थना सांगत होता. आवाज ओळखीचा वाटला म्हणून निरखून पाहिले, तो आमच्या कारखाना कमिटीवर पूर्वी काम केलेला मनुष्य! भांडारात नोकरी करणारा, दोन मुलांचा बाप, करारनाम्यातला प्रत्येक आकडा दोनदा तपासून घेणारा. विधी आटोपल्यावर आम्ही विचारले, "तुम्ही पाद्री कधी झालात?" तो हसून म्हणाला, "पाद्री नव्हे, डीकन. उद्या सकाळी आठाला मी पुन्हा भांडारातच आहे." शेजारी त्याची पत्नी उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, यांना दीक्षा देण्याआधी त्यांनी माझी संमती मागितली होती. लेखी."

त्या एका शब्दाने आम्हांला रात्री झोप येऊ दिली नाही. का, ते पुढे सांगू.

आता हा डीकन म्हणजे कोण? शब्द ग्रीक आहे. डायाकोनोस म्हणजे सेवक, चाकर. त्यात पंगतीला वाढणारा असाही अर्थ आहे. आपल्या गावजेवणात जो आधी सर्वांना वाढतो आणि शेवटी उरलेल्यात जेवतो, तो वाढपी. बायबलातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात या पदाचे मूळ सांगतात, आणि ते मूळ एका तक्रारीत आहे. यरुशलेमात पहिल्या ख्रिस्ती मंडळीचे जेवणखाण एकत्र चाले. मंडळीत दोन भाषांचे लोक होते. ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की, रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावलले जाते. प्रेषितांनी सर्वांना बोलावले, उपदेशाचे आपले काम सोडून वाढपाच्या मागे लागणे आपल्याला योग्य नाही असे सांगितले, आणि लोकांनाच सात चांगली माणसे निवडावयास लावली. स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि नीकलाव ही ती सात नावे.

ही नावे आम्ही युनियनवाल्याच्या डोळ्यांनी वाचली तेव्हा थबकलो. सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलेच हे लोक असावेत, असे दिसते. वाटप कोणाच्या हाती दिले, तर ज्यांच्या ताटात कमी पडत होते त्यांच्या हाती. आमच्या भिवंडीत एका शेडमध्ये उत्तरेकडचा भैया असतो, तेलंगणचा पद्मशाली असतो, खानदेशचा आणि कोकणचा मराठी माणूस असतो. पंधरा वर्षे आमच्या कमिट्यांवर मराठी माणसेच असत, आणि तेलुगू कामगार पावती फाडीत नाही म्हणून आम्ही त्यालाच बोल लावीत होतो! दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या सभेला जे समजले ते आम्हांला समजावयास पंधरा वर्षे लागली.

पहिल्या काही शतकांत डीकनांचा मान मोठा होता. गरिबांची यादी, धान्य, पैसा हे सारे त्यांच्या हाती असे. रोमचा डीकन लॉरेन्स २५८ साली मारला गेला. त्याच्याविषयी परंपरेने अशी कथा सांगतात की, चर्चची संपत्ती हजर कर असा हुकूम झाला तेव्हा त्याने शहरातील गोरगरीब आणून उभे केले. पुढे मात्र पश्चिमेकडील चर्चमध्ये हे पद हळूहळू आटले. पाद्री होऊ घातलेल्या तरुणाला मधल्या काळापुरते डीकन करीत आणि काही महिन्यांनी तो पुढच्या पायरीवर जाई. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मसभेने हे पद पुन्हा खरेखुरे करण्याचा मनोदय दाखवला, पण ते घडले नाही.

मग ते पुन्हा उभे राहिले कोठे? आपणांस नवल वाटेल, एका तुरुंगात. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या डाखाउ येथील छळछावणीत अडीच हजारांहून अधिक धर्मगुरू डांबले होते. आपण बाहेर लोकांपासून किती दूर उभे होतो, याचा विचार तेथे त्यांच्यातल्या काहींनी केला. विल्हेल्म शामोनी आणि ओटो पीस या दोघांची नावे या संदर्भात घेतली जातात. संसार करणारी, नोकरीधंदा करणारी माणसे जर दीक्षित सेवक असती तर चर्च लोकांच्या घरापर्यंत पोचले असते, असे त्यांना वाटू लागले. युद्धानंतर जर्मनीतच अशा संसारी माणसांची मंडळे निघाली. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ज्या ठरावग्रंथाला मान्यता दिली त्यात स्थायी डीकनांची वाट मोकळी झाली. १९६७ साली पोप सहावे पॉल यांनी नियम घालून दिले, आणि १९६८ साली जर्मनीतील कलोन येथे पहिल्या काहींना दीक्षा मिळाली. आज जगात असे सुमारे पन्नास हजार डीकन आहेत. त्यांतले बहुतेक सारे अमेरिका खंडांत आणि युरोपात आहेत. आशियात फार थोडे. भारतात ही वाट धरणाऱ्या मोजक्या धर्मप्रांतांत मुंबईचे आर्चडायोसिस पुढे आहे. या शतकात तेथे नोकरीपेशातल्या संसारी माणसांना ही दीक्षा मिळाली आहे.

डीकनाला काय करता येते आणि काय नाही, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. त्याला बाप्तिस्मा देता येतो, चर्चच्या वतीने लग्न लावता येते, शुभवर्तमान वाचून प्रवचन करता येते, मयताची प्रार्थना चालविता येते. मिस्सा अर्पण करणे, पापनिवेदन ऐकणे आणि आजाऱ्याचे तैलाभ्यंग हे अधिकार धर्मगुरूचे. विवाहित मनुष्याला पस्तीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय आणि पत्नीच्या संमतीवाचून दीक्षा मिळत नाही, आणि या संमतीचा दाखला कागदपत्रांत लागतो. दीक्षेनंतर पत्नी वारली तर सामान्यतः पुन्हा लग्न करता येत नाही. संमती देणाऱ्या बाईला हेही ठाऊक असते.

आता घडणीकडे येऊ. रोमने २२ फेब्रुवारी १९९८ रोजी याबाबतचे मूलनियम काढले. शिक्षण किमान तीन वर्षांचे, त्याची अंगे चार : माणूस म्हणून घडण, आध्यात्मिक घडण, धर्मज्ञान आणि लोकांतले प्रत्यक्ष काम. ज्ञानाच्या भागासाठी तीन वर्षांत एक हजार तासांहून कमी शिकवणी नसावी असे त्यात म्हटले आहे. आम्ही कागद घेऊन हिशेब केला. तीन वर्षांचे आठवडे एकशे छप्पन्न. म्हणजे आठवड्याला जवळजवळ साडेसहा तास. कचेरीत बसणाऱ्या माणसाला हे जड जाईल, पण जमेल. बारा तासांची पाळी करणाऱ्या, मीटरवर मजुरी घेणाऱ्या कामगाराला साडेसहा तास म्हणजे अर्ध्या पाळीहून जास्त. दर आठवड्याला अर्धी पाळी बुडविणाऱ्याच्या घरी चूल कशी पेटावी?

येथे धोका आहे, आणि तो आम्ही आपलेपणाने बोलून दाखवतो. नियम सर्वांना सारखा असला म्हणजे दार सर्वांना सारखे उघडे असते असे नाही. इंग्रजी पुस्तके वाचू शकणारा, पेन्शनीला आलेला, स्वतःच्या घरात राहणारा मनुष्य त्या दारातून सहज जाईल. गोदामात पेट्या उचलणारा, रिक्षा चालविणारा, जव्हार-डहाणूकडचा आदिवासी, नगरकडच्या खेड्यातला शेतमजूर दाराबाहेरच राहील. असे झाले तर पंगतीचा वाढपी पुन्हा पहिल्या पानावर बसलेल्यांतूनच येणार, आणि शेवटच्या पानाची तक्रार तशीच राहणार.

उपाय नाहीत असे नव्हे. तास कमी करा असे आम्ही म्हणणार नाही. अर्धवट शिकलेला पुढारी किती नुकसान करतो ते आम्ही जवळून पाहिले आहे, आम्ही स्वतःही काही वर्षे तसेच होतो. पण वर्ग माणसाकडे नेता येतो. त्याच्या भाषेत घेता येतो. फादर स्टीफन्स इंग्लंडातून आले आणि त्यांनी लिहिलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले ते मराठीत, ओवीत. चारशे वर्षांपूर्वी परक्या माणसाला जे जमले ते आज आपल्याच माणसांना शिकवताना का जमू नये? आणखी एक. ज्याची मजुरी शिकवणीपायी बुडते त्याला त्या तासांची भरपाई मंडळीने द्यावी. ते दान नव्हे, ते शिक्षणाचा खर्च म्हणून मांडावे. सेमिनरीतल्या विद्यार्थ्याच्या जेवणाराहण्याचा खर्च धर्मप्रांत करतोच ना?

आपल्या टेमघरचे नाव ठाण्यापासून मीरा-भाईंदरपर्यंत पोचले ते पाण्यामुळे. शहाडला उल्हास नदीचे पाणी उचलतात, टेमघरच्या केंद्रात ते शुद्ध होते आणि मग नळांनी पुढे जाते. माणसांची घडणही पुष्कळांना अशीच वाटते : उचला, गाळा, पुढे पाठवा. पण माणूस तसा गाळता येत नाही. आम्हीच एका हुशार कामगाराला साच्यावरून उचलून मुंबईच्या शिबिरात सहा महिने ठेवले होते. परत आला तेव्हा त्याची भाषा बदलली होती, कपडे बदलले होते, आणि भिशीत बसून जेवावयास त्याला संकोच वाटू लागला होता. आम्ही त्याला शिकविले खरे, पण ज्यांच्यासाठी शिकविले त्यांच्यापासूनच तो तुटला. भांडारातला तो डीकन शिकत असताना भांडारातच राहिला, आपल्या चाळीतच राहिला, यात मोठे शहाणपण आहे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती खेड्यांत पूर्वी मिशनचे मास्तर असत. दिवसा पोरांना मुळाक्षरे शिकवावयाची, संध्याकाळी प्रार्थना घ्यावयाची, आजाऱ्याच्या उशाशी बसावयाचे. फादर येत ते अधूनमधून, मास्तर मात्र रोज असत. त्यांना दीक्षा नव्हती, पण वाढप्याचे काम ते करीतच होते.

घडण झाली, दीक्षा झाली, फोटो निघाला, हार पडले. आता खरा प्रश्न सुरू होतो. सोमवारपासून या माणसाचे काय?

चर्चच्या कायद्यात पैशाविषयी स्पष्ट लिहिले आहे. जो विवाहित डीकन पूर्ण वेळ चर्चचे काम करतो त्याला स्वतःचे आणि कुटुंबाचे पोषण होईल एवढे वेतन मिळावे. जो नोकरीधंदा करतो किंवा पूर्वी केला आहे त्याने त्या मिळकतीवर आपला संसार चालवावा. नियम सरळ आहे. पण पैशात न मोजता येणाऱ्या गोष्टी असतात. रविवार चर्चमध्ये जातो, शनिवारची संध्याकाळ लग्नांत जाते, रात्री बाराला कोणी दार ठोठावून म्हातारी गेल्याचे सांगतो. नोकरीतला साहेब रजा देत नाही. धर्मगुरूची काही वर्षांनी बदली होते, नवा धर्मगुरू येतो. डीकनाचे घर, मुलांची शाळा, नोकरी तेथेच असते, त्यामुळे तो तेथेच राहतो. नव्याला वाटते हा जुना खोड आपल्यावर देखरेख करावयास बसला आहे. जुन्याला वाटते यांना गाव ठाऊक नाही. मुंबईहून आलेला पगारी चिटणीस आणि शेडमधला जुना कमिटीवाला यांच्यात हेच होते, आणि अनेक युनियन फुटतात त्या येथूनच.

आम्ही त्या डीकनाच्या पत्नीला पुढे एकदा त्यांच्या घरी भेटलो. वर्गांना तिलाही बोलावीत असत, त्याबद्दल ती समाधानाने बोलली. मग चहाचा कप पुढे सरकवत म्हणाली, "सही मी आनंदाने केली, भाऊ. पण सही एकदाच करावी लागते, आणि हो मात्र रोज म्हणावे लागते. रोजचे कोणी विचारीत नाही." ती तक्रार करीत नव्हती. नवराही ऐकत होता, तो गप्प बसला.

आणि आता आमची टोचणी. आमच्या युनियनमध्ये एक सोबती होता. जळगावकडचा, साच्यावर काम करणारा. अक्षर मोत्यासारखे. शेडमधल्या अर्ध्या लोकांची पत्रे तो लिही. आम्ही त्याला एका भागाचा चिटणीस केला. टाळ्या वाजल्या, हार घातला. त्याच्या मजुरीचा हिशेब मीटरवर होता, म्हणजे युनियनचा प्रत्येक तास त्याच्या ताटातून जात होता. आम्हांला हे ठाऊक नव्हते काय? पुरते ठाऊक होते. आम्ही त्याला निष्ठावान म्हणत गेलो, आणि निष्ठावान म्हटले की भाकरीचे विचारावे लागत नाही. सुटीच्या दिवशी मोर्चा, रात्री बैठक, पहाटे गेट. त्याची बायको घरी बसून कापडावरचे धागे कापावयाचे काम करी आणि घर चालवी. दोन वर्षांनी त्याला खोकला लागला. तिसऱ्या वर्षी क्षय निघाला. तरी तो बैठकीला येत होता, आणि आम्ही त्याला येऊ देत होतो.

एके दिवशी वहिनी कचेरीत आल्या. टेबलावर त्यांनी पावतीपुस्तके, शिक्का आणि त्याची वही ठेवली. म्हणाल्या, "भाऊ, मोजून घ्या. पैसा न् पैसा बरोबर आहे. माणूस आमचा होता, तो तुम्ही नेलात. नेताना विचारलं नाहीत, आता परत नेते तेही विचारत नाही." आणि त्या गेल्या. ते कुटुंब गावी गेले. आमचा सोबती पुन्हा भिवंडीला आला नाही. पुढच्या पावसाळ्यात तो गेल्याची चिठ्ठी आली.

मालकाविरुद्ध आम्ही पुष्कळ भाषणे केली, आणि ती खोटी नव्हती. पण या माणसाचा मालक कोण होता? त्याच्या बारा तासांवर कारखानदार होता, आणि उरलेल्या बारा तासांवर आम्ही होतो. म्हणून कबरस्तानात त्या बाईंच्या तोंडून "लेखी संमती" हे शब्द ऐकले तेव्हा आम्हांला झोप आली नाही. ज्या संस्थेला आम्ही जुनाट समजत होतो तिच्या कायद्यात बायकोला विचारा असे लिहिले होते. आमच्या घटनेत, जिला आम्ही पुरोगामी म्हणत होतो, ते नव्हते.

बायकांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. वाढपाचे बहुतेक काम कोठल्याही धर्मात, कोठल्याही युनियनमध्ये बायकाच करतात. बायबलात रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी फिबी नावाच्या बाईचा उल्लेख आहे, आणि तिला हाच ग्रीक शब्द लावला आहे. बायकांना डीकनपद द्यावे काय, याचा अभ्यास करण्यासाठी पोप फ्रान्सिस यांनी २०१६ आणि २०२० साली समित्या नेमल्या. तो वाद त्यांच्या घरचा आहे, त्यात आम्ही शब्द घालीत नाही. आमच्याच कमिटीवर आजही दोनच बायका आहेत, तेव्हा आम्ही कोणत्या तोंडाने बोलावे?

आता शेवटचा मुद्दा. डीकनाचे काम वेदीपाशी की पंगतीपाशी? झगा आणि पट्टा यांना एक मोह असतो. लोकही मान देतात ते झग्याला. अशाने संसारी डीकन अर्धा पाद्री होऊन बसतो आणि त्याला ज्यासाठी निवडले ते बाजूला राहते. येथे चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेतील एक तरतूद आम्हांला फार मोलाची वाटली. तिच्या २८७व्या कलमात, धर्मगुरूंनी राजकीय पक्षांत आणि कामगार संघटनांच्या कारभारात पुढाकार घेऊ नये असे सांगितले आहे. काही अपवाद ठेवले आहेत, पण नियम तो. लगेच पुढच्या, २८८व्या कलमात म्हटले आहे की, स्थानिक कायद्याने वेगळे ठरविले नसेल तर स्थायी डीकनांना हे बंधन नाही. आम्ही हे तीनदा वाचले. म्हणजे भांडारातला तो मनुष्य दीक्षा घेऊनही कारखान्याच्या कमिटीवर बसू शकतो. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते की हा माणूस कामाच्या ठिकाणी राहणार आहे.

या दोन वाटा काही आज प्रथम भेटत नाहीत. आपल्या ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगाराला १८९० साली रविवारची सुटी मिळाली. पुढच्याच वर्षी, १८९१ साली, पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर आपले प्रसिद्ध पत्रक काढले आणि कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे असे सांगितले. एकाने रविवार मोकळा करून घेतला, दुसऱ्याने एकत्र जमण्याचा हक्क मानला. आज भिवंडीच्या कितीतरी शेडमध्ये कामगाराला धड सुटी नाही, हजेरीपत्रक नाही, आजारपणाचा विमा नाही. अशा ठिकाणी कोणी डीकन आला आणि त्याने शेवटच्या पानावर बसलेल्याला विचारले की तुझ्या ताटात काय पडले, तर तो आपल्या पदाच्या मुळाशीच गेला असे आम्ही म्हणू. तेथे तो हिंदूला विचारील, मुसलमानाला विचारील. भूक लागलेल्याचा धर्म वाढपी विचारीत नाही.

तेव्हा या सर्वांतून आम्ही काय शिकलो ते सांगून पुरे करतो. गेल्या वर्षीपासून आम्ही आमच्या युनियनमध्ये काही गोष्टी सुरू केल्या आहेत. कोणालाही पद देण्याआधी दोघे जण त्याच्या घरी जातात, नवरा किंवा बायको, जे कोणी घरात असेल त्याच्याशी बोलतात, आणि होकार मिळाल्याशिवाय नाव पुढे जात नाही. दर सहा महिन्यांनी पुन्हा जातात, कारण त्या बाईंनी सांगितलेले आम्ही विसरलेलो नाही. ज्याची मजुरी बुडते त्याला वर्गणीतून भरपाई मिळते आणि ती हिशेबात उघड लिहिली जाते. आठवड्यातील एक संध्याकाळ त्याच्या घराची. त्या संध्याकाळी त्याला कोणीही बोलावू नये, आम्हीसुद्धा नाही. नव्या माणसाबरोबर वर्षभर एक जुना माणूस असतो. आणि महिन्यातून एकदा सारे चिटणीस एकत्र जेवतात. त्या जेवणात कामाचा विषय काढावयाचा नाही, एकमेकांची विचारपूस करावयाची.

या गोष्टी लहान आहेत. त्यांना पैसा थोडा लागतो, पण शरम पुष्कळ गिळावी लागते. आमचे सभासद यामुळे वाढले नाहीत, उलट दोघांच्या घरून नकार आल्यामुळे आम्हांला दोन चांगले कार्यकर्ते गमवावे लागले. तो नकार आम्ही मानला. त्यांतल्या एकाची बायको परवा रस्त्यात भेटली. तिने आम्हांला थांबवले, घरी चहाला बोलावले, आणि मुलगा दहावीला गेला की मग बघू, असे आपण होऊन म्हणाली. वहिनी कचेरीत येऊन गेल्या त्या दिवसापासून इतकी वर्षे आम्ही एखाद्या कार्यकर्त्याच्या घरी ताठ मानेने चहा प्यालो नव्हतो.

धर्मप्रांताच्या कारभाऱ्यांपैकी कोणी हे ऐकत असतील, तर त्यांना आमची एवढीच विनंती आहे. तुमचा नियम चांगला आहे, त्याला जागा. डीकन निवडाल तेव्हा शेवटच्या पानापर्यंत जा. शिकवाल तेव्हा त्याच्या भाषेत, त्याच्या वस्तीत शिकवा. आणि दीक्षेच्या दिवशी तुम्ही ज्या बाईची संमती मोठ्या अदबीने घेतली, तिच्या दारात पुढल्या वर्षीही जा.

 दुसरी पाळी सुटावयाची वेळ झाली आहे आणि आम्हांला गेटवर जावयाचे आहे. तेव्हा रजा घेतो.